ट्रायम्फ स्पिटफायर एका बाजूला दबते: नवा पाटा टाकूनही झोक परत का येतो

ट्रायम्फ स्पिटफायर या ब्रिटिश, दोन सीटच्या उघड्या गाडीबद्दलची तक्रार ठरलेली असते. सपाट जागेवर लावलेली गाडी मागून पाहिली की ड्रायव्हरच्या बाजूला दबलेली दिसते. मागचा पाटा, म्हणजे पोलादी पात्यांची स्प्रिंग, थकला असं निदान होतं, नवा आडवा पाटा बसतो, बिल दिलं जातं. महिनाभर गाडी सरळ उभी राहते आणि मग हळूहळू पुन्हा त्याच बाजूला झुकते. मालक दुसरा पाटा मागवतो. तोही तसाच.

१९७० च्या अखेरीनंतरच्या स्पिटफायरबद्दल, म्हणजे मार्क ४ आणि १५०० बद्दल, माझं मत पक्कं आहे: मागून दिसणारा झोक बहुतेक वेळा पुढच्या चाकांपाशी तयार झालेला असतो. पाटा बदलणं हा सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात कमी लागू पडणारा पहिला उपाय आहे. त्याचं कारण या गाडीच्या मागच्या बांधणीतच आहे, म्हणून आधी ती बांधणी पाहू.

मागचा पाटा नेमकं काय करतो

स्पिटफायर १९६२ साली आली. आकार जिओव्हानी मिकेलोत्ती यांचा, कारखाना कॉव्हेंट्रीतला, आणि खालचा सांगाडा ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीच्या चॅसिसवरून आखूड करून घेतलेला. मागे ट्रकसारखे दोन बाजूंना दोन पाटे नाहीत. एकच पाटा गाडीच्या रुंदीत आडवा, डिफरन्शियलच्या (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) डोक्यावर बसवलेला, आणि त्याची दोन टोकं दोन चाकांच्या व्हर्टिकल लिंकला, म्हणजे चाक धरणाऱ्या उभ्या तुकड्याला, बोल्टने जोडलेली. चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टला फक्त डिफरन्शियलच्या बाजूला क्रॉस, म्हणजे वळणारा सांधा, असतो. त्यामुळे चाक वर-खाली झालं की ते तिरकंही होतं.

मार्क १ ते मार्क ३ मध्ये पाट्याची सगळी पाती मधोमध डिफरन्शियलला घट्ट आवळलेली होती. म्हणजे डावी बाजू एक स्प्रिंग, उजवी बाजू दुसरी स्प्रिंग. गाडी एका बाजूला कलू लागली की पाटा त्याला जोरात विरोध करायचा. याचा तोटा वळणावर दिसायचा. वेगात वळताना ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडायचं आणि गाडीचं शेपूट सुटायचं. मार्क ४ मध्ये कंपनीने पाट्याचं फक्त सगळ्यात खालचं पातं घट्ट धरलं आणि वरची पाती मधल्या पेटीत मोकळी डोलू दिली. चाकं आत दुमडणं बरंच आवरलं, पण मागच्या पाट्याचा कलण्याला होणारा विरोध जवळजवळ संपला. ती कसर भरायला पुढचा अँटी-रोल बार (पुढची दोन्ही चाकं जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा) जाड केला गेला.

आपल्या तक्रारीचं मूळ इथेच आहे. डोलणारा पाटा गाडीचं मागचं वजन उचलतो, पण गाडी डावीकडे कलली आहे की उजवीकडे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. पुढच्या दोन स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार जसा कल ठरवतील तसा तो मागे निमूट मान्य करतो. पुढची उजवी स्प्रिंग थोडी बसली असेल तर मागे कितीही नवा पाटा घाला, गाडी उजवीकडेच झुकणार.

तुमच्या गाडीत कोणता पाटा आहे हे नुसत्या सालावरून गृहीत धरू नका. इतक्या वर्षांत कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही. सीटमागची पत्र्याची झाकणपट्टी काढली की पाट्याचा मधला भाग दिसतो. पात्यांवर पेटीसारखं कवच असेल तर डोलणारा, नुसती सपाट दाबपट्टी असेल तर घट्ट. डोलणारा पाटा जुन्या गाडीत घातलेला सापडला, तर पुढचा बारही जाड बसवला आहे ना, हे लगेच पाहा.

मोजण्याआधी

चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा, हा पहिला मोह. स्पिटफायरमध्ये तो पुढच्या बाजूला तरी साफ फसवा आहे. या गाडीचं बॉनेट आणि पुढची दोन्ही मडगार्ड मिळून एकच तुकडा आहे, जो पुढच्या बिजागरीवर अख्खा उचलला जातो. बिजागरी वर-खाली, मागे-पुढे सरकवता येते. म्हणजे पुढच्या कमानीची उंची मोजताना तुम्ही सस्पेन्शन मोजत नसता, बॉनेट कसं बसवलंय ते मोजत असता. बिजागरीत एका बाजूला दोन वॉशर जास्त असले तरी गाडी झुकलेली वाटेल.

मागच्या कमानीही पूर्ण भरवशाच्या नाहीत. बॉडी चॅसिसवर रबरी आणि फायबरच्या गाद्यांवर बोल्टने बसते. रिस्टोरेशनमध्ये एखादी गादी विसरली, किंवा चॅसिसचा बाहेर आलेला हात गंजून खाली आला, तर चॅसिस अगदी सरळ असूनही वरची बॉडी तिरकी दिसते. शिवाय स्पिटफायरच्या दारांखालच्या सिल या नुसत्या सजावटीच्या पट्ट्या नाहीत, गाडीचा जोर त्यांच्यावर असतो. दारं काढून, बॉडीला आधार न देता नव्या सिल वेल्ड केल्या असतील तर सगळा सांगाडाच पिळला जाऊ शकतो. अशा गाडीला सस्पेन्शनमधून सरळ करायला गेलं की चाकांवरचं वजन बिघडतं आणि गाडी ब्रेक लावताना ओढते.

म्हणून माप चॅसिसचं घ्यायचं. अडचण अशी की स्पिटफायरचा चॅसिस अरुंद कण्यासारखा आहे. त्याच्या दोन लांब रुळांमधलं अंतर थोडं, म्हणून तिथे फरकही थोडाच दिसतो. यावर सोपा उपाय आहे. दीड मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप रुळांच्या खालून आडवा धरून दोन सी-क्लॅम्पनी बांधा आणि पाइपच्या दोन्ही टोकांपासून जमिनीपर्यंत मोजा. एकदा पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चॅसिसच्या आडव्या तुळईच्या) मागे, एकदा डिफरन्शियलच्या पुढे. गाडी एक अंशाने कलली असेल तर १२०० मिमी रुंदीवर सुमारे २१ मिमी फरक पडतो, त्यामुळे पाइप जितका लांब तितकं माप स्पष्ट. क्लॅम्पखाली अंडरकोटिंगचा किंवा गंजाचा पापुद्रा राहिला तर माप चुकतं. तेवढी जागा खरवडून घ्या.

जमीन सपाट आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. गवंडी भिंतीची पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तीच घ्या. चारही चाकांच्या जागी पाण्याची खूण करा आणि जिथे खोलगट असेल तिथे प्लायचे किंवा विनाइलच्या फरशीचे तुकडे ठेवून पातळी जुळवा. टायरमधली हवा दोन्ही बाजूंना सारखी, टायर एकाच मापाचे. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण इंग्लंडमधले बरेच घरचे ड्राइव्हवे पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतरते केलेले असतात आणि तिथे उभी केलेली सरळ गाडीही झुकलेली दिसते.

आणखी एक गोष्ट, जी या गाडीत सगळ्यांत जास्त लोकांना गोंधळात टाकते. मागून जॅक लावला की चाकं खाली लोंबतात आणि आत वळतात. जॅक काढल्यावर टायर जमिनीवर घासून बाहेर सरकू शकत नाही, म्हणून गाडीची मागची बाजू उंचच राहते, आणि दोन्ही बाजूंना सारखीच उंच राहील असंही नाही. त्या अवस्थेत घेतलेलं माप फेकून द्या. गाडी काही मीटर पुढे-मागे ढकला, मागून-पुढून दाबून हलवा, मग मोजा. जागा नसेल तर प्रत्येक मागच्या चाकाखाली दोन गुळगुळीत पत्रे आणि त्यांच्यामध्ये ग्रीस, म्हणजे चाक जागच्या जागी बाजूला सरकतं.

दोष पुढे की मागे

चौरंगाचा एक पाय आखूड असला तर कोणता ते पाहून कळत नाही, कारण चार पाय एकमेकांचा दोष लपवतात. तीन पायांवर मात्र लपवाछपवी चालत नाही. गाडीलाही तीन पायांवर आणायचं.

पुढची चाकं सरळ ठेवून त्यांना मागे-पुढे उटी (अडवणारे ठोकळे) लावा. मागे डिफरन्शियलच्या खाली, बरोबर मधोमध, लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावा आणि मागची चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत उचला. दोन्ही बाजूंना चॅसिसखाली स्टँड ठेवा, पण टेकवू नका; बोटभर मोकळी जागा असू द्या. ते फक्त जॅक घसरला तर गाडी धरायला आहेत. या अवस्थेत गाडीखाली शिरू नका, बाजूने हात घालूनच मोजा. आता मागच्या पाट्याचा कल ठरवण्यात काही वाटा उरला नाही. गाडीचा कल फक्त पुढच्या दोन स्प्रिंगा आणि बार ठरवतात. पुढच्या पाइपच्या दोन्ही टोकांचं माप घ्या.

झोक कायम राहिला तर दोष पुढे आहे. झोक गेला तर मागे. मार्क ४ आणि १५०० मध्ये तो कायम राहिलेलाच सापडण्याची शक्यता जास्त.

मग गाडी चारही चाकांवर सपाट उभी असताना अँटी-रोल बारच्या दोन्ही टोकांच्या लिंक सोडा. बोल्ट हाताने सहज निघाला तर बार निर्दोष. सोडताना बार टणकन वर किंवा खाली उडाला तर तो गाडीला पिळत होता. बार वाकलेला असेल, दोन लिंकची लांबी वेगळी असेल, किंवा बारचे रबर एका बाजूला फाटले असतील. हा दोष फुकटात दुरुस्त होतो आणि तरीही सगळ्यात शेवटी तपासला जातो, याची मला खंत वाटते.

बुश: झोक परत येण्याचं खरं कारण

पाटा बदलल्यावर महिनाभर गाडी सरळ का राहते, याचं उत्तर बुशमध्ये, म्हणजे सांध्यांत बसवलेल्या रबरी नळकांड्यांत, आहे. पाट्याच्या टोकाचे, विशबोनचे (पुढचं चाक धरणाऱ्या आडव्या हातांचे), रेडियस आर्मचे (मागचं चाक पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश आत-बाहेर दोन नळ्यांमध्ये धरलेले असतात. बोल्ट आवळला की आतली नळी पक्की होते आणि चाक हललं की मधलं रबर पिळलं जातं. म्हणजे प्रत्येक बुश स्वतःच एक छोटी स्प्रिंग असतो. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले, तर रबरासाठी लोंबतं चाक ही विसाव्याची जागा ठरते. गाडी खाली आली की सगळी रबरं पिळली जातात आणि गाडीला वर ढकलत राहतात. पहिले काही आठवडे गाडी छान उंच आणि सरळ दिसते. मग रबर थकतं, कुठे फाटतं, आणि दोन्ही बाजूंना सारखं थकत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं आधी. मूळ झोक पुन्हा उघडा पडतो आणि दोष बिचाऱ्या नव्या पाट्यावर जातो.

योग्य रीत अशी. गाडी चारही चाकांवर, प्रत्येक चाकाखाली मजबूत लाकडी ठोकळे किंवा रॅम्प. पुढच्या विशबोनचे आतले बोल्ट, पाट्याच्या टोकांचे बोल्ट, रेडियस आर्मचे दोन्ही बोल्ट आणि शॉकअपचे खालचे बोल्ट सैल करा. काढू नका, फक्त सैल. दोन्ही सीटवर माणसाएवढं वजन ठेवा. ट्रायम्फची मापं प्रत्येक सीटवर १५० पौंड, म्हणजे ६८ किलो, धरून दिलेली असतात. २५ किलोच्या वाळूच्या तीन पिशव्या एका सीटवर ठेवल्या तरी चालतं, फक्त दोन्हीकडे सारख्या. गाडी दाबून, हलवून बसू द्या. मग बोल्ट त्याच अवस्थेत मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. पुष्कळ गाड्यांचा निम्मा झोक एवढ्यानेच जातो. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर हा प्रश्न येत नाही, कारण त्यात आतली नळी मोकळी फिरते.

पुढच्या स्प्रिंगा

इथवर येऊनही झोक उरला तर पुढच्या स्प्रिंगा बाहेर काढा. बॉनेट उचललं की पुढचं सगळं सस्पेन्शन उघड्यावर येतं, त्यामुळे काम करायला ही गाडी फार सुखाची. वरच्या थाळीला कडेने तीन नट आणि मधोमध शॉकअपच्या दांड्याचा एक नट दिसेल. मधल्या नटाला गाडीवर असताना हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग त्याच नटाने धरलेली असते आणि ती सुटली तर हात किंवा चेहरा जाऊ शकतो. कडेचे तीन नट आणि खालचा लांब बोल्ट काढून स्प्रिंग-शॉकअप एकत्र बाहेर घ्या. खालचा बोल्ट नळीत गंजून बसलेला असतोच. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मधला नट उघडण्याआधी स्प्रिंग चांगल्या कॉम्प्रेसरने दाबून घ्या.

दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या करून मोकळी लांबी मोजा. पण मोकळी लांबी सारखी असूनही एक स्प्रिंग नरम असू शकते. ते पाहायला दोन्ही स्प्रिंगा एकावर एक ठेवा, मध्ये जाड चकती, दोन्ही टोकांना जाड प्लेट, आणि आरपार जाड आटे असलेला रॉड घालून नटने हळूहळू दाबा. दोघींवर जोर एकच येतो, म्हणून जी जास्त आखडते ती नरम. रॉडच्या रेषेत उभं राहू नका. प्रेस असलेलं वर्कशॉप जवळ असेल तर तिथेच करून घेणं शहाणपणाचं.

नव्या जोडीतही दोन स्प्रिंगा तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून बसवण्याआधी मोजा आणि जी जास्त कडक किंवा लांब निघेल ती ड्रायव्हरच्या बाजूला लावा. गाडीचं वजन ८०० किलोच्या आसपास, त्यात ७५ किलोचा माणूस कायम एकाच बाजूला बसतो. त्याला तेवढा आधार हवाच.

स्प्रिंगा ठीक असून उंचीत फरक राहिला तर स्प्रिंगच्या डोक्याशी बसणारी ॲल्युमिनियमची चकती तयार मिळते. स्प्रिंग विशबोनवर चाकापेक्षा आत बसते, त्यामुळे चाकाशी मिळणारी उंची चकतीच्या जाडीपेक्षा जास्त, साधारण दीडपट ते दुप्पट येते. समजा उजवीकडे १२ मिमी कमी आहे, तर आधी ६ मिमीची चकती घाला, गाडी फिरवून आणा आणि मग मोजा. सरळ १२ मिमीची चकती घातली तर गाडी दुसऱ्या बाजूला झुकेल. दोन्ही बाजूंत ५-६ मिमी फरक उरला तर मी तिथेच थांबतो. एवढा फरक या गाड्यांत नवीन असतानाही असायचा.

प्रश्न पुढच्या दोन शॉकअपचाही येतो. साधा तेलाचा शॉकअप उंची धरत नाही, मेला तरी गाडी झुकत नाही. गॅसचा मात्र थोडं वर ढकलतो, म्हणून एकीकडे गॅसचा आणि दुसरीकडे साधा असं कडबोळं नको. उंची कमी-जास्त करता येणारे शॉकअप बसवलेले असतील तर आधी दोन्ही बाजूंचे दिसणारे आटे मोजा. आधीच्या मालकाने झोक लपवायला एक बाजू चढवलेली असते.

मागे दोष निघाला तर

तीन पायांच्या चाचणीत झोक गेला, किंवा गाडी मार्क ३ किंवा त्याआधीची असली, तर पाट्याकडे वळा. थकलेला आडवा पाटा सहसा दोन्ही बाजूंनी बसतो. दोन्ही मागची चाकं वरून आत झुकलेली दिसतात. एकाच बाजूला बसला असेल तर त्या बाजूचं पातं तुटलंय का ते बॅटरीच्या उजेडात, पात्यांच्या टोकांशी असलेल्या गुंड्या झिजल्यात का तेही पाहत, तपासा. पाटा बसवताना त्याच्या मधला खुंट डिफरन्शियलवरच्या खोबणीत नीट बसला पाहिजे. नाही बसला तर पाटा एका बाजूला सरकतो. डिफरन्शियलच्या मध्यापासून पाट्याच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांपर्यंतचं (बोल्टच्या भोकांपर्यंतचं) अंतर मोजलं की हे लगेच कळतं. डाव्या-उजव्या मागच्या चाकांच्या कॅम्बरमध्ये (वरून आत-बाहेर झुकण्यात) मोठा फरक असेल तर तो झोकामुळे नाही. व्हर्टिकल लिंक किंवा शाफ्ट वाकला आहे असं धरून शोधा.

आपल्याकडच्या स्टँडर्ड हेराल्डच्या मालकांसाठी हाच भाग महत्त्वाचा. मद्रासला १९६१ पासून बनलेल्या त्या गाडीत मागे असाच आडवा, पण घट्ट आवळलेला पाटा आहे. पुढे १९७२ च्या गॅझेलमध्ये तो जाऊन साधा अखंड ॲक्सल आला. हेराल्डला तीन पायांची चाचणी दोन्ही बाजूंनी करा: एकदा मागे उचलून, एकदा पुढच्या क्रॉसमेंबरच्या मधोमध उचलून. नवा पाटा मिळत नाही म्हणून ट्रकचे पाटे करणाऱ्याकडून जुन्यालाच कमान देऊन घेतात. पातं तापवून ठोकलं आणि त्याला पुन्हा पाणी दिलं नाही, म्हणजे तापवून विझवून कडक केलं नाही, तर ती कमान थोड्याच महिन्यांत उतरते. पाणी देणाराच कारागीर शोधा आणि काम झाल्यावर मधल्या खुंटापासून दोन्ही टोकांपर्यंतची उंची समोर मोजून घ्या.

शेवटी चाकांचं टो (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) तपासून घ्या, कारण पुढची उंची बदलली की ते थोडं हलतं, आणि हेडलाइटचा झोत पुन्हा लावा. नव्या स्प्रिंगा किंवा पाटा असेल तर ८००-१००० किलोमीटर झाल्यावर त्याच सपाट जागेवर, तोच पाइप बांधून पुन्हा मोजा. पहिल्या मापांचा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेला असू द्या.